डावं-उजवं

हडर्सफील्डच्या मेथडिस्ट हॉलमध्ये
गुरुवार ते शनिवार साल एकवीसशे आठ असतं.
तिकीट नऊ पौंड, मध्यंतरात चहा आणि सोडत.
भविष्यकाळ मॉरीनने घरच्या घरी शिवलाय,
जुन्या पडद्यांच्या चंदेरी अस्तरातून.

मी दिव्यांवर.
शिडी चढून एका कोनाड्यात, गुडघे कुरकुरत.
पुढ्यात एक पेटी, पेटीवर दोन बटणं.
खाली रंगमंचावर काचेच्या वीस बरण्या.
एरवी डोरीन त्यांत लोणच्याचे कांदे घालते,
आता प्रत्येकीत एक न जन्मलेलं मूल.
अधिकारी आकडा पुकारतो, आयांची रांग श्वास धरते,
आणि मी ठरवतो:
डावं म्हणजे लाल, उजवं म्हणजे हिरवं.

ठरवतो म्हणजे, संहितेत लिहिलंय तसं.
मला स्वतःला लाल-हिरव्यातलं काही कळत नाही.
दोन्ही मातीचे, एक जरा ओला, एवढंच.
हे मॉरीनला सांगितलेलं नाही.
बटणांवर चिकटपट्ट्या आहेत, त्यांवर माझ्या अक्षरात
‘जा’ आणि ‘ये’.

आईकडून आलं हे. मामालाही होतं,
कच्चे टोमॅटो आणायचा आणि बोलणी खायचा.
वृंदाच्या डोहाळजेवणाला हिरवा चुडा पाहून
मी म्हणालो होतो, खाकी छान दिसतो तुला.
त्या बायका अजून हसतात, भेटल्या की.

आपल्याकडे कूस उजवते म्हणतात.
इथे ती उजवीकडचं बटण दाबल्यावर उजवते.
दुसऱ्या अंकाचं पहिलंच पान, अधिकारी यादी वाचतो:
दमा, बहिरेपण, तोतरेपणा, मधुमेह,
आणि मध्येच, फारसं न थांबता, रंगांधत्व.
तिथे बरणी क्रमांक सतरा. तिथे डावं.
नऊ तालमी आणि दोन प्रयोग
मी तिथे डावंच दाबलंय,
वेळेवर, हात न थरथरता.

शनिवारी मध्यंतरात माझा चहा सांडला.
पेटी उचलली, पुसली, पट्ट्या निघून आल्या.
परत ठेवताना कुठली बाजू कुठे
एवढं डावं-उजवं मी पाहिलं नाही.
असं मी नंतर सांगितलं.

सतरा.
खाली जो काही उजेड पडला
तो मला नेहमीसारखाच दिसला.
पण हेझल, जी दोन दिवस तिथे हंबरडा फोडत होती,
तिने तोंड उघडलं आणि आवाज आला नाही.
अधिकाऱ्याने कागद पाहिला, मग वर, माझ्याकडे.
नेव्हिल मुळात प्लंबर,
संहितेबाहेरचं एकही वाक्य त्याच्याजवळ नाही.
तिसऱ्या रांगेत कुणाच्या गोळीचा कागद चुरचुरला.
मग हेझलने कोटाच्या बाहीने बरणी पुसली,
अगदी हळू म्हणाली,
“मग काय, घरी न्यायलाच हवं,”
आणि बाजूच्या दाराने ती खरंच बाहेर गेली.
तिसऱ्या अंकात ती लागते.
तिसरा अंक तिच्यावाचून झाला.

वायरी गुंडाळताना मुक्ताचा फोन, ब्रिस्टलहून.
बारावा आठवडा. नर्सने विचारलंय, घराण्यात काही?
“बाबा, तुमचं ते सांगू का?”
मी विचारलं, रकाना आहे का त्याला?
“अजून नाही.”
मी म्हटलं, जेवलीस का.

बाहेर गारठा. मॉरीन दिव्यांच्या माणसाशी बोलत नव्हती.
लीड्स रोडच्या थांब्यावर हेझल, मांडीवर बरणी,
बरणीला स्वतःचा मफलर गुंडाळलेला.
आत पाणी, आणि एक विझका बल्ब.
म्हणाली, “तो हिरवाच होता ना?
मला एकदम वाटलं, आपल्यालाच भास झाला.”

समोरचा सिग्नल बदलला,
वरचा विझला, खालचा लागला.
मी म्हटलं, बस आली.