मागची कड

आमच्या ताफ्यात चौदा होड्या, सगळ्या एका साच्याच्या.
तेवढीच लांबी, तेवढंच वजन, फळीवर चढलेली तशीच फळी,
डोलकाठीसुद्धा तराजूवर ठेवून बघतात.
पैशानं जिंकता येऊ नये, म्हणून.
पैशाला एकच दार किलकिलं ठेवलंय: कापड.

भाऊ आस्गर सुकाणूवर, मी पुढच्या शिडाच्या दोरीवर,
स्वेनबोर्गच्या सामुद्रधुनीत, दर बुधवारी संध्याकाळी,
एकोणीस वर्षं.
आमचा नंबर सातवा.
वारा पडला तर आठवा,
कुणी बोयाला घासलं तर सहावा.
धक्क्यावर बिअर उघडताना आस्गर म्हणायचा,
"शीड थकलंय."
सगळे माना डोलवायचे,
कारण ते खरं होतं.

मार्चमध्ये एस्किलनं ते आपल्या कारखान्यात आढ्याला टांगलं
आणि खाली, लाकडी जमिनीवर, उताणा पडून बघत राहिला.
बराच वेळ.
मला वाटलं, झोपला.
"पोट मागे सरकलंय," तो म्हणाला,
"आणि मागची कड वाऱ्याला जाऊ देत नाही.
पाहुणा निघालाय,
तुम्ही त्याला दारात गाठून बोलत बसलाय."

नवं शीड मे महिन्यात आलं.
घडी उलगडताना कोऱ्या नोटांसारखं वाजत होतं.
(किती नोटा, ते आस्गरनं बायकोला
अजून नीट सांगितलेलं नाही.)

पहिल्याच बुधवारी
बिर्गिटची होडी, जी कायम आमच्या वरच्या अंगाला बसून
आमचा वारा खायची,
हळूहळू खाली सरकत गेली,
झोपेत कुणी चादर ओढावी तशी.
आम्ही काही केलं नव्हतं.
तेच विचित्र वाटत होतं.
मी दोनदा मागे वळून बघितलं,
ती अजून तिथेच आहे का.
दुसरा नंबर.
धक्क्यावर आस्गरला बोलायला काही सुचेना.
त्यानं बिअरच्या बाटलीवरचा कागद नखानं सोलून काढला.

मग तिसरा. तिसरा. पाचवा.
जूनमध्ये एकदा सहावा.

नाचता येईना, अंगण वाकडं, असं म्हणतात.
एस्किलनं आमचं अंगण सरळ करून दिलं होतं,
बिलासकट.

आता दिसायला लागलं,
की सुरुवातीच्या रेषेवर आस्गर चार सेकंद उशिरा असतो.
गर्दीला भितो. लहानपणीही भ्यायचा.
आणि मी दोरी वीतभर जास्त ओढते,
वळण घेतल्यावर, घाईत, नेहमीच.
एकोणीस वर्षं ओढत आले असणार.
जुन्या कापडानं ते सगळं
पोटात घातलं होतं.
हे नवं काही पोटात घालत नाही.
कडेवरचा लोकरीचा धागा लगेच उलटा उभा राहतो
आणि चुगली करतो.

जुलैत आम्ही भांडलो. पाण्यावर, भर शर्यतीत,
आईच्या घराच्या वाटणीतही भांडलो नव्हतो तसं.
बिर्गिट बाजूनं गेली तेव्हा दोघंही गप्प झालो
आणि तिला हात केला.

ऑगस्ट संपताना कापडाचा आवाज गेला.
घडी आता कुरकुर न करता बसते.
एस्किल म्हणतो, पहिला हंगाम विकत मिळतो,
दुसऱ्यापासून तुमचं तुम्ही.
शेवटच्या बुधवारी पाचवे.
दोरी मी तेव्हाही जास्त ओढली,
पण ओढताना मला कळलं.
हे प्रगतीत मोजतात की नाही, माहीत नाही.

जुनं शीड आस्गरनं घरामागे सरपणावर घातलंय,
चारी टोकांना विटा बांधून.
परवा रात्री पश्चिमेचा वारा सुटला
तेव्हा मी कंदील घेऊन बघायला गेले.
भरलं होतं. गच्च,
एस्किल म्हणाला होता तिथेच पोट, मध्याच्या मागे,
मागची कड आत वळलेली,
वाऱ्याला बोलण्यात गुंतवून.
बर्चच्या ओंडक्यांचा तो ढीग
कुठेही जायला निघालेला नव्हता.
मी एक वीट थोडी सैल केली.
कड उघडली.
ढिगाला काही फरक पडला नाही,
पण वारा गेला.