अंगावर काढलेलं

हळदीची धूळ नाकात गेली की शिंक येते.
गोदामात दिवसाला किती शिंका, त्याचा हिशेब कोण ठेवणार?
मी ठेवते.
एक शिंक, एक थेंब.
लागोपाठ दोन आल्या की परकर ओला.

मार्केट यार्डाच्या मागे आम्ही बावीस जणी,
हळकुंडं एकीकडे, गड्डे एकीकडे.
मी मांडी घालत नाही, एक टाच खाली दाबून बसते.
मुकादमाला वाटतं, ही कायम उठायच्या तयारीत.
नऊ वर्षं ती टाच म्हणजे माझ्या दाराची कडी.

धाकट्याच्या वेळी चाळिसाव्या दिवशी पोतं उचललं.
तेव्हापासून संध्याकाळी काहीतरी खाली उतरतं,
सोललेल्या अंड्यासारखं.
सासू म्हणाली, "अंग बाहेर येतंय, त्यात काय?
माझंबी येतंय. माझ्या आईचंबी यायचं."
जसा काही कुळाचार.

अंग किती कामाला येतं आपल्या भाषेत:
अंगमेहनत, अंगावरून जाणं, अंगवळणी पडणं,
नवऱ्याचा हात आला की अंग चोरून
भिंतीकडे वळणं,
आणि हे सगळं
अंगावर काढणं.

चैत्रात पाच घरी ओटी भरून घेतली.
नारळ, तांदूळ, खण.
ओटीच्या खाली काय चाललंय, एकीनंही विचारलं नाही.
मीही नाही, कुणाला.

मग एकदा जैतुनबी शिंकली
आणि मोठ्यानं म्हणाली, "गेलं गं बाई, सुटलं!"
बावीस हात थांबले.
कोपऱ्यातून कुणीतरी, "माझं पण."
मी तोंडाला पदर लावला.
"माझं नुसतं तेवढंच न्हाई," म्हणाले.

मिरजेला तिनंच नेलं, वडापनं.
प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी सीट धरली.
मगदूम डॉक्टर माझ्या पोरीच्या वयाची.
हातमोजा घालून म्हणाली, "मावशी, आता आवळा."
काय आवळू?
"चारचौघांत वारा कोंडून धरता ना, तसं."
मला हसू आलं. हसताना पुन्हा थेंब.

तिनं कागदावर एक झोळी काढली,
पुढून मागं ताणून बांधलेली,
वर पिशवी, लघवीची थैली, सगळा संसार.
म्हणाली, "हा तळ."
मला हरिपुरातलं बापाचं पेव आठवलं.
जमिनीत खोल, तोंड मातीनं लिंपलेलं, आत हळद.
महापुरात तोंड शाबूत राहिलं.
पाणी खालून झिरपलं.

एक रिंग बसवली, पोरीच्या बांगडीएवढी, मऊ.
घरी करायचे व्यायाम सांगितले. आणि लिहिता लिहिता विचारलं,
"मालकांच्या जवळ जाता का?"
मी म्हणाले, "पूर्वी आवडायचं."
आवडायचं.
माझ्याच तोंडून तो शब्द ऐकला
आणि बाजारात जुनी मैत्रीण दिसावी तसं झालं.

तीन रात्री शब्द जुळवले.
चौथ्या रात्री लाईट घालवून बाबासोला सांगितलं.
बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "मला वाटायचं, तुला तंबाखूचा वास सोसत न्हाई."
झोपताना तो रोज लवंग चघळायचा.
का, ते मी कधी विचारलं नव्हतं.
त्या रात्री हातावर हात ठेवून झोपलो, एवढंच.
घाई कुणालाच नव्हती.

थेंब अजून जातो कधीकधी. काल तीन शिंकांत एकदा.
पण मांडी घालून बसते.
चहानंतर जैतुनबी हळूच म्हणते, "हं."
हात हळद निवडत राहतात,
सातआठ जणींचे चेहरे मात्र परीक्षेला बसल्यासारखे.
मुकादम दारातून ओरडतो,
"एकदम गप का झाला गं सगळ्या?"
कुणी उत्तर देत नाही.
मोजणी सातावर आलेली असते.