जादा हप्ता

बॅलार्ड इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर
एकतीस वर्षं मी माणसांच्या मरणाचा भाव काढला.
पेन्सिलीनं. शाई वरच्या साहेबांची.
पाणबुडे, फटाक्यांच्या कारखान्यातले मुकादम,
गोदीतल्या क्रेनवर चढणारे,
प्रत्येकाला तक्त्यात एक ओळ होती:
दर हजारी इतके रुपये जादा.

एका मार्चमध्ये दोघं एकदमच आले,
मधुसूदन कोठारे, ठाकुरद्वारचा,
आणि बोनी फरेरा, कलिन्याच्या गावठाणातला.
हवाई दल सोडलेले, तरी यादीत राखीव.
वर्षाकाठी एकवीस दिवसांचं बोलावणं.
बाकीचे दिवस एक औषधं विकायचा,
दुसरा वडलांच्या बेकरीचा हिशेब बघायचा.

"राखीव म्हणजे?" मी अर्जावर बोट ठेवून विचारलं.
कोठारे म्हणाला, "बरणीच्या तळाचं लोणचं.
पाहुणा आल्याशिवाय हात घालायचा नाही."

प्रश्न चौदावा: विमान कोणत्या प्रकारचं?
कोठाऱ्यानं लिहिलं, लढाऊ.
फरेरानं लिहिलं, मालवाहू, आणि वर म्हणाला,
"साहेब, मी टेम्पो चालवतो. फक्त खाली रस्ता नसतो."

लढाऊला मालवाहूच्या तिप्पट.
कोठारे भांडला:
"उडतो एकवीस दिवस, आणि पैसे वर्षाचे?"
मी म्हटलं, एकवीस दिवस उडणारा हात
मधल्या तीनशे चव्वेचाळीस दिवसांत गंजतो.
तक्त्यात असं काही नव्हतं,
मी आपलं मनचं सांगितलं.
तो एकदम गप्प झाला
आणि सही करताना स्वतःच्या हाताकडे बघत राहिला.

पुढच्या वर्षी, एकविसातल्या नवव्या दिवशी,
त्याचं इंजिन विझलं.
खुर्चीखालचा बार उडाला, छत्री उघडली,
तो कुणाच्या तरी ज्वारीत उतरला.
दोन मणके दबले. उंची पाऊण इंच कमी.
गळ्यात पट्टा घालून ऑफिसात आला,
"उंचीचा रकाना बदला," म्हणाला, "हप्ता राहू दे."
हसलो आम्ही. फरेरानं बेकरीतून
नानकटाईचा खोका आणला होता, दोरी बांधून.

फरेराचा दिवस सतरावा.
पीठ, रॉकेल, रजेवरून परतणारे अडतीस जवान.
ढगात डोंगर होता.
पत्रात एवढंच होतं, दोन ओळींत.

दाव्याचे कागद घेऊन त्याची आई आली,
पॉलिसी लुगड्याच्या पदरात गुंडाळलेली.
"तो तर टेम्पो म्हणायचा ना?"
मला विचारलं. मलाच.

साक्षीदार म्हणून कोठाऱ्यानं सही केली.
मान वळत नव्हती, म्हणून अख्खाच वळला.
"माझ्या खुर्चीखाली दारू होती, म्हणून मी इथे.
त्याच्या खुर्चीखाली काही नव्हतं.
असती, तरी पाठीमागे अडतीस जण बसलेले.
बोनी दांडी ओढणाऱ्यातला नव्हता.
हे कुठल्या रकान्यात बसतं तेवढं बघा."

बघितलं. तीन रात्री तक्ता घरी नेऊन बघितलं.
तक्ता चुकलेला नव्हता.
लढाऊ वारंवार मरतात, एकेकटे.
मालवाहू क्वचित, पण पंगतच्या पंगत उठते.
दर तिप्पट हाच बरोबर, आजही सांगेन.
पण तक्ता हजारांशी बोलतो,
आणि समोरच्या बाकावर
एकच बाई बसलेली असते, चपला काढून.

मी चौदाव्या प्रश्नाशेजारी पेन्सिलीनं
एक बारीक टिंब काढलं. कशाचं, ते मलाही माहीत नाही.
वरच्या साहेबांनी ते खोडायला लावलं.

अजून दर वर्षी त्या तारखेला
कलिन्याहून खोका येतो.
आता बेकरी त्याची भाची चालवते, दोरी तीच.
माझे हात थरथरतात, गाठ सुटत नाही.
कोठाऱ्याला वाकता येत नाही.
म्हणून मी खोका उचलून त्याच्या छातीपाशी धरतो
आणि तो सोडतो,
सावकाश, खाली न बघता.