तिसरा पॅरामीटर

बंगळूरवाले म्हणाले, आमच्याकडे होत नाही.
बरोबर आहे. तुमच्याकडे मे होत नाही.

परसोडीच्या आयटी पार्कात, तिसऱ्या मजल्यावर,
दुपारी दोन ते चारच्या मध्ये
राउटर गोठतो.
बाहेर सेहेचाळीस, आणि हा गोठतो.
हिरवा दिवा लागलेला,
आत कुणीच हलत नाही.

फंक्शन साधं आहे. रेडिओ थांबवतं.
मागतं तीन गोष्टी: उपकरण, चॅनल,
आणि एक शून्य किंवा एक.
कशाचं शून्य, कशाचा एक?
वर दोघांचीच माहिती लिहिलेली.
तिसरा म्हणजे पत्रिकेत छापायचा राहिलेला मावसा,
मांडवात आलाय, पण कुणाशी बोलत नाही.

सगळ्यांनी एकच दिला होता, एकाचं पाहून दुसऱ्यानं.
मीही दिला. चाललं.
पावसाळाभर चाललं, थंडीभर चाललं.

शेवटी लांजेवारला फोन केला, वानाडोंगरीला.
नोकरी सोडून चार वर्षं झाली,
आता कूलरचे पंप विकतो, सीझन आहे, घाईत होता.
"तिसरा? अबे, कुलूप मी लावू
का तूच लावून आली,
एवढंच विचारून राहिलं ते."
"मग लिहिलं काहून नाही?"
"मले तं माहीत होतं ना."

म्हणजे असं:
चिप तापली की कुणीतरी धावत येतं,
कुलूप लावतं, आणि रेडिओ थांबव म्हणतं, सोबत एक देतं.
फंक्शन तेच कुलूप पुन्हा लावायला जातं
आणि थांबतं, ज्याच्या हाती किल्ली तो सोडेल म्हणून.
किल्ली त्याच्याच खिशात.
खिसा चाचपायचं
त्याला कुणी सांगितलेलं नाही.

दुपट्ट्यानं डोकं बांधून बोर्ड गच्चीवर नेला,
टाकीच्या सावलीबाहेर ठेवला.
सात मिनिटांत गोठला.
त्या एका जागी एकाचं शून्य केलं,
पुन्हा ठेवला, शेजारी उकिडवी बसून राहिले.
चार वाजले. हात लावला तर चटका,
पण चालू.

खाली येऊन दुरुस्ती पाठवली:
एक आकडा, आणि वर तिसऱ्याबद्दल
अडीच ओळींची कॉमेंट.

आकड्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.
कॉमेंटखाली विचारलं,
एवढं सविस्तर लिहायची गरज आहे का?

मी कूलरमध्ये पाणी घालायला उठले.