हरकत क्रमांक एकशे बारा

नकाशावर रस्ता सरळच होता.
चोवीस मीटर रुंद, लाल शाईत,
पट्टी ठेवून मीच ओढलेला,
संध्याकाळी सहाला, घरी जायच्या घाईत.

सुनावणीला माणसं आली,
कुणी फाइल घेऊन, कुणी वकील घेऊन.
मखमलाबादचे पुंजाजी पिंगळे म्हणाले,
रस्ता करा साहेब, आणि लवकर करा,
गाडी मळ्यातून डांबरीला लागेस्तोवर
द्राक्षाच्या मण्याचं पाणी होतं.
त्यांचं खरं होतं.

तांबट आळीतला दत्तू कासार उगाच आलेला,
त्याची आळी या आराखड्यात नव्हतीच.
म्हणाला, आमचे ठोके थांबले
तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.
म्हटलं बघावं,
विचारतात तेव्हा कसं वाटतं.

मग एकशे बारा.
वहीचं फाडलेलं पान, तिरकं अक्षर.
हिराबाई बेंडकोळी, राहणार काळटेकाच्या पायथ्याला.
‘तुमची रेघ आमच्या झिऱ्यावरून जाते.
झिरा कागदावर नाही, ठाऊक आहे.
मे महिन्यात येऊन बघा.’

मे महिन्यात गेलो.
टेकाच्या वरच्या अंगाला जेसीबीने घेतलेला घास,
आतला मुरूम लालभडक.
खाली उंबर, उंबराखाली काळ्या खडकाच्या भेगेत
ओंजळभर पाणी.
ती वाटीने उपसते, थांबते,
पाणी वर येऊ देते, पुन्हा उपसते.
मी घड्याळ लावलं.
एक हंडा, बावीस मिनिटं.

‘नळ येईल की आता,’ मी म्हटलं.
‘येऊ दे ना.
एक आला म्हणजे दुसऱ्यानं उठायचं,
असं कुठं असतं?’

ऑफिसात परतून
ब्लेडने अकरा सेंटिमीटर लाल खरवडलं,
ट्रेसिंगला भोक पडता पडता राहिलं.
रेघ डावीकडे घेतली.
वळण कुणाच्या तरी अंगावर जातंच.
पिंगळ्यांचे साडेतीन गुंठे गेले,
नवी शेड गेली, बांधावरची टाकी गेली.
पुढे एका लग्नात भेटले, बोलले नाहीत.
पंगतीत माझ्या पानात जिलबी मात्र
स्वतः वाढून गेले.

आता रस्ता झालाय.
वळणावरच्या इमारतीचं नाव ‘स्प्रिंग व्ह्यू’,
खिडक्या सगळ्या दुसऱ्या बाजूला.
द्राक्षाच्या गाड्या पहाटे तीनला सुटतात.
परवा रिक्षावाल्याने तिथं करकचून ब्रेक मारला
आणि शिवी हासडली,
कुठल्या गाढवानं आखलाय हा!
मी मागे बसलो होतो.
सुटे पैसे मोजत राहिलो.

उंबर आहे अजून.
टेक वरून रोज थोडा कमी होतो,
ती हद्द आमच्याकडे येत नाही.
झिऱ्याला या वर्षी
हंड्यामागे एकतीस मिनिटं लागतात.
मोजून आलोय.
कुठल्या रकान्यात लिहायचं
ते कुणी सांगत नाही.