तेरावा पाव

नातू खोक्याची कड वाचतो, दूध ओतता ओतता.
क जीवनसत्त्व, रोजच्या गरजेच्या इतके टक्के.
"रोजची गरज म्हणजे कोणाची, आजोबा?"

मी चमचा खाली ठेवतो.
डाव्या मांडीवर, पँटच्या आत,
दीड इंचाची एक रेघ आहे.
थंडी पडणार असली की तिला आधी कळतं.

आम्ही वीस जण होतो टेकडीवरच्या त्या घरात.
खाली पोलादाचं शहर, रात्री दिवे झाकलेलं.
बंदूक धरणार नाही, असं लिहून दिलेले वीस जण:
एक शिंपी, दोन मास्तर, विल्फ ऑर्मरॉड बेकरीवाला,
आणि मी, हेडली बूथरॉइड,
लोकरीच्या गिरणीत हिशेब लिहिणारा.
लढत नाही ना, मग निदान हे तरी करा,
असं डॉक्टर पेनहॅलो कधी म्हणाले नाहीत.
बसथांब्यावरची बाई म्हणाली, आणि थुंकली.

बटाटा इतका उकळायचे की त्यात काही उरू नये.
कोबीचं नाव काढायचं नाही.
पाव, मार्जरीन, ओटची लापशी,
तेच ते, महिनोन्महिने.
मिस केटलवेल सगळं तोलून वाढायची
आणि आमच्यातून जे बाहेर पडेल
तेही बरणीत, नाव लिहून, तोलून.
माणूस म्हणजे जमा आणि खर्च,
हे गिरणीनं मला आधीच शिकवलं होतं.

सातव्या महिन्यात केसांची मुळं लाल झाली.
हिरड्या फुगल्या; पाव चावला
की पावावर रक्ताची छोटी कमान.
मग त्यांनी मांडी चिरली, पट्टी लावून, मापात,
आणि रोज सकाळी वाकून पाहिलं,
मिटते का.

नाही मिटली.
सिरिलची मात्र मिटली.
तेच ताट, तोच तराजू, पण देह ज्याचा त्याचा.

त्याच आठवड्यात घरून पत्र आलं.
अर्नेस्ट, माझा धाकटा भाऊ, जहाजासकट.
माझी जखम उघडी होती
आणि मला तिची लाज वाटली,
इतकीशी.

पुढे गोळ्या सुरू झाल्या. दिवसाला दहा मिलिग्रॅम.
चिमटीलाही कळणार नाही एवढंसं.
आणि दोन्ही कडा हळूहळू जवळ आल्या
भांडलेल्या शेजारणींसारख्या,
आधी नुसत्याच, न बोलता.

मग कुठल्याशा लांब टेबलाभोवती समिती बसली.
चहा झाला असणार. आमचे कागद फिरले असणार.
दहा पुरतात, असं आमच्या मांड्या सांगत होत्या.
त्यांनी तीस लिहिलं.

मी चिडलो. हिशेबाचा माणूस.
हे वरचे वीस आले कुठून?
कोणाच्या खात्यावर?

विल्फ हसला, हिरड्या अजून जांभळ्याच होत्या त्याच्या.
"आमच्याकडे डझन मागितले की तेरा देतात, हेडली.
कुठला पाव वजनात कमी भरेल
ते भट्टीलाही ठाऊक नसतं."

खरंच, आमच्यात बाई नव्हती एकही.
पोटुशी नव्हती, अंगावर पाजणारी नव्हती.
भट्टीपुढे घाम गाळणारा नव्हता,
तापातून उठलेलं पोर नव्हतं,
म्हातारा नव्हता, आज मी आहे तसा.
वीस तरुण, बरेचसे हट्टी,
आणि त्यांच्यावरून अख्ख्या देशाचं ताट.
ठाऊक नव्हतं त्यांना. कोणाला किती, नव्हतंच ठाऊक.
पण जे ठाऊक नव्हतं त्याचा भार
त्यांनी खाऊ पाहणाऱ्यावर नाही टाकला,
आकड्यावर टाकला.

नंतर आकडे बदलले. दुसरी टेबलं, दुसरे वाद.
या खोक्यावरचा आकडा माझ्या ओळखीचा नाही.
तरी त्याच्या बुडाशी कुठेतरी
एका शिंप्याच्या, दोन मास्तरांच्या
हिरड्यांचं रक्त वाळलेलं असेल,
आणि विल्फचा एक पाव.

एवढं सगळं मी बोललो का, की मनातच राहिलं?
नातवाची बस यायची वेळ झाली.
एक बूट घालून तो माझ्या मांडीकडे बघतोय.

"दुखलं होतं?"

चिरताना फारसं नाही, मी म्हणतो.
मिटायला लागली तेव्हा खाजली. 
फार खाजली.