ओळ सत्तेचाळीस

तुर्भ्याच्या मसाला गल्लीत अकरा वर्षं
हळदीच्या पोत्यांचा हिशेब लिहिला.
अजून नखांच्या कडा पिवळ्या.

आता कोपरखैरण्यात, सेक्टर चौदा,
बहिणीच्या गॅलरीत उलटं घातलेलं पिंप,
त्यावर लॅपटॉप, शेजारी
रात्रीची अर्धी गोळी.

मशीन सांगतं: चूक, ओळ सत्तेचाळीस.
एवढं नेमकं
मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.
वाशीच्या डॉक्टरीणबाई विचारतात, कधीपासून?
मी नखांकडे बघते.

मंगळवारी, बुधवारी उठलेच नाही.
गुरुवारी सुटलेला कंस बंद केला.
चाललं.
पडद्यावर एकच शब्द उमटला: हळद.

बहीण म्हणाली, एवढ्यासाठी रडतेस?

नाही गं.
आज गोळी
तू न सांगता आठवली.